सव्वा दिरहॅमची गाठ

त्या हिवाळ्यात दुबईतल्या आमच्या ऑफिसात फोन वाजला की आधी सगळे एकमेकांकडे बघायचे आणि मग ज्याचा असेल तो उचलायचा. दोन हजार आठ संपून नऊ लागलं होतं. आमची कंपनी इमारतींचे नकाशे तपासून देणारी, आणि इमारती जिथल्या तिथे थांबल्या होत्या. माझ्या खिडकीतून चार क्रेन दिसायच्या, एकही हलत नसे. मीटिंग रूममधून बोलावणं आलं की माणूस आत जायचा, दहा मिनिटांनी पांढरा लिफाफा घेऊन बाहेर यायचा आणि टेबलाचा खण रिकामा करायला लागायचा. नकाशे आणि पत्रं यांची नोंद ठेवणाऱ्या आमच्या विभागात पाचजण होते. फेब्रुवारीपर्यंत दोघी उरलो: मी, आणि शेजारच्या टेबलावरची एक फिलिपिनो बाई, जिने मला हे काम शिकवलं होतं.

मी मुळातच भित्री आहे. पण त्या वर्षी भ्यायला कारणही होतं. नवऱ्याची नोकरी डिसेंबरात गेली होती आणि तो स्वतःच्याच घरात व्हिजिट व्हिसावर पाहुणा म्हणून राहत होता. मुलीचा व्हिसा, तिची शाळा, करामा भागातला फ्लॅट, सगळं माझ्या एका नोकरीला टांगलेलं. ती गेली असती तर महिन्याभरात सामान आवरून पुण्याला सासूबाईंच्या दोन खोल्यांत जाऊन पडायचं, एवढाच मार्ग होता. संध्याकाळी नवरा दार उघडून माझ्या चेहऱ्याकडे बघायचा, मी 'आहे अजून' अशी मान हलवायची, मग तो चहा टाकायचा.

आमची मॅनेजर आयरिश होती. तिशीची, लाल केसांची, हसायला लागली की मानेपर्यंत लाल होणारी. मार्चमध्ये तिचं लग्न होतं, तिच्याच गावाकडच्या आणि इथेच नोकरी करणाऱ्या एका इंजिनिअरशी. दुपारी ती पँट्रीत आमच्या टेबलावर येऊन बसायची, माझ्या डब्यातलं थालीपीठ मोडून खायची आणि आपल्या आजीचे लग्नाचे नियम सांगायची. तेवढा अर्धा तास कोणाला फोनची आठवण व्हायची नाही.

आजीच्या हिशोबाने लग्नाला बुधवार सगळ्यात चांगला, शुक्रवार वाईट आणि शनिवार त्याहून वाईट. इथे नेमकी सुट्टी शुक्रवार-शनिवारची. "मग बुधवारी कर ना," मी म्हणाले. ती म्हणाली, "अँड हू विल आस्क फॉर लीव्ह?" तेही खरंच होतं. त्या दिवसांत सुट्टी मागायला गेलेला माणूस कायमच्याच सुट्टीवर जात असे. शेवटी तिने शुक्रवार धरला, पण धरताना टेबलाच्या लाकडावर तीनदा बोटं आपटली.

चर्चला जाताना प्रेतयात्रा आडवी येऊ नये. नवरीला पहिल्या शुभेच्छा पुरुषानेच द्याव्यात. आदल्या दिवशी बाळ येशूची मूर्ती झुडपाखाली ठेवावी, म्हणजे पाऊस येत नाही. यावर फिलिपिनो बाई म्हणाली, "दुबईत?" आणि आम्ही तिघी पोट धरून हसलो. नवरीने हातात तागाचा एक रुमाल धरायचा. पुढे मूल झालं की त्याच रुमालाला चार टाके घालून बाळाचं टोपडं करायचं, आणि ते बाळ मोठं होऊन लग्नाला उभं राहिलं की टाके उसवून पुन्हा रुमाल करायचा. हे मला फार आवडलं होतं. तिची आई आयर्लंडहून तो रुमाल घेऊन येणार होती. ह्याच रुमालाचं टोपडं मॅनेजरने बाळपणी घातलं होतं.

मी लग्नाला माझी हिरवी पैठणी नेसायची ठरवली होती. हे ऐकताच तिचा चेहरा उतरला. "एनिथिंग बट ग्रीन. प्लीज." त्यांच्याकडे टेकड्यांखाली राहणारी न दिसणारी माणसं मानतात. परी म्हणावं तर तशी गोड नव्हेत, आपल्या आसरांसारखी, झपाटून नेणारी. त्यांना हिरवा रंग आवडतो आणि सुंदर नवऱ्या आवडतात. म्हणून लग्नात नाचताना नवरीने दोन्ही पाय एकदम उचलायचे नाहीत, एक जमिनीवर ठेवायचाच, नाहीतर ती माणसं तिला घेऊन जातात. आमच्याकडे हिरवा चुडा भरल्याशिवाय नवरी उभी राहत नाही, हे मी तिला सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "आय नो, आय नो, इट्स ऑल नॉन्सेन्स." आणि मग, "पण नको ना."

मी मोतिया रंगाची साडी काढली. तिच्यावर शोभेल असा एक पांढरा रुमालही करामातून घेऊन आले. नवऱ्याने किंमत विचारली.

"पंधरा दिरहॅम," मी म्हणाले.

"म्हणजे दोनशे रुपये. नाक पुसायला."

"लग्नात कोणी नाक पुसत नाही."

"मग घेतलास कशाला?"

मी रुमालाची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला.

शुक्रवारी सकाळी जबल अलीच्या चर्चमध्ये आम्ही ऑफिसातली सातआठ माणसं एका बाजूच्या बाकांवर बसलो. फिलिपिनो बाई माझ्या शेजारी होती. तिला तिथलं सगळं ठाऊक होतं, कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे. मी तिच्याकडे बघून करत होते. मॅनेजर आली तेव्हा तिचे केस वेणीत घातलेले होते आणि हातात फुलांबरोबर तो जुना, पिवळट पडलेला रुमाल होता. पुढच्या बाकावर तिची आई, निळा कोट घातलेली एक बारीकशी बाई, सारखी मागे वळून दाराकडे बघत होती, जणू कोणी नको असलेलं माणूस शिरेल.

पाद्री बोलायला लागले आणि शेजारीण माझ्या कानाशी वाकली.

"रविवारी आपल्यातली एक जाणार आहे," ती पुटपुटली. "एचआरच्या मुलीने सांगितलं. ओन्ली वन."

"आपल्यातली म्हणजे?"

"यू ऑर मी, सिस."

ती पुन्हा सरळ बसली आणि हात जोडले. तिला मनिलात तीन मुलं होती, तिच्या आईकडे ठेवलेली. मला हे माहीत होतं. तरी त्या क्षणी माझ्या मनात तिचा विचार आला नाही. पुण्यातल्या दोन खोल्या आल्या, शाळेच्या बसच्या खिडकीतून हात हलवणारी मुलगी आली. समोर वेदी होती, मेणबत्त्या होत्या, पण तो देव माझ्या ओळखीचा नव्हता. मी आमच्या गावच्या देवीला हाक मारली. आई, ह्यांना काम लागेपर्यंत माझी नोकरी राहू दे. राहिली तर ह्यांच्या व्हिसावर शिक्का बसला की तुझ्या पायाशी येऊन ओटी भरेन.

नवस नुसता बोलून भागत नाही, सव्वा रुपया बांधून ठेवावा लागतो. पर्समध्ये रुपये कुठले? एक दिरहॅम होता आणि पंचवीस फिल्सचं, म्हणजे पाव दिरहॅमचं, एक नाणं. सव्वाच. मी दोन्ही नाणी त्या नव्या रुमालाच्या कोपऱ्यात घातली आणि गाठ मारली. घट्ट मारली, पुन्हा एक मारली आणि रुमाल कपाळाला लावला. डोळे उघडले तेव्हा पुढे नवरा-नवरी एकमेकांना शब्द देत होते. आणि नवरीची आई मागे वळून माझ्याकडे बघत होती, माझ्या हाताकडे. तिच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता. मला वाटलं, त्यांच्या देवळात मी आपला देव आठवला ते तिला आवडलं नसावं.

जेवण समुद्राकाठच्या एका हॉटेलच्या हिरवळीवर होतं. बाळ येशूची मूर्ती एका बोगनवेलीच्या झुडपाखाली ठेवली होती. पाऊस नव्हता, पण वारा सुटला होता आणि टेबलांवरच्या कापडांवर बारीक वाळू बसत होती. नवरा-नवरीला मीठ आणि ओटचं पीठ चमचाभर भरवलं, दृष्ट लागू नये म्हणून. एरवी मी हे बघून खूश झाले असते. पण माझं ताट तसंच होतं. शेजारीण दोनदा म्हणाली, "ईट, सिस, इट्स फ्री," आणि स्वतः तिनेही काही खाल्लं नाही.

नाच सुरू झाला. मॅनेजर नवऱ्याचा हात धरून गोल फिरत होती, एक पाय सांभाळून जमिनीवर. मध्येच तिची आई जाऊन तिच्या कानात काहीतरी बोलली. ती थांबली. माझ्याकडे बघितलं. मग झगा दोन्ही हातांनी उचलून सरळ माझ्याकडे आली आणि मला दंडाला धरून केकच्या टेबलामागे घेऊन गेली.

"तुला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"काय?"

"रविवारचं. मी नाव दिल्याचं." तिने मागे वळून शेजारणीच्या टेबलाकडे बघितलं. "दोघींमधलं एक द्यायला सांगितलं होतं. ती सीनियर आहे, तिला तीन मुलं आहेत. इट वॉज नॉट पर्सनल. आय स्वेअर."

म्हणजे माझं नाव दिलं होतं. माझ्या कानात वारा घुसल्यासारखा आवाज यायला लागला. इतके महिने ज्याला भीत होते ते आता समोर उभं होतं, पांढरा झगा घालून, वेणीत फुलं माळून.

"गाठ सोड," ती म्हणाली.

मला काही कळेना. मग तिने सांगितलं, हसण्याचा प्रयत्न करत, आणि तिची मान लाल न होता पांढरी होत गेली. नवरा-नवरी शब्द देत असताना आकस धरणाऱ्या माणसाने रुमालाला गाठ मारली, तर ती सुटेपर्यंत त्या नवरीला मूल होत नाही. तिच्या आईच्या गावात एका बाईचं असं झालं होतं. तिची कूस म्हातारपणापर्यंत रिकामी राहिली, आणि गाठ मारणारी मेल्यावर तिच्या पेटीत रुमाल सापडला. "हे फूलिश आहे, मला माहितीये," ती म्हणाली. "पण आईने बघितलं. प्लीज. सोड ना."

मला खरं सांगायला किती वेळ लागला असता? दोन वाक्यं. आमच्याकडे असा नवस बोलतात. मी नोकरी मागितली, तुझं वाईट मागितलं नाही. तिला ते पटलं असतं; माझ्या डब्यातलं खाणारी, हिरव्या चुड्याबद्दल ऐकणारी बाई होती ती. पण चार महिने मी प्रत्येक माणसाला भीत होते, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच कोणीतरी मला भीत होतं. ते मला बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण बरं वाटलं.

"आता सोडता येत नाही," मी म्हणाले. हेही खरंच होतं. नवस फिटल्याशिवाय गाठ सोडत नाहीत.

"मग कधी?"

"रविवार जाऊ दे," मी म्हणाले.

तिने माझा दंड सोडला. ती परत गेली आणि त्यानंतर नाचली नाही.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला.

"अगं, फोन कर आणि सांगून टाक तिला. तिच्या लग्नाच्या दिवशी काय हे?"

"आणि रविवारी मला लिफाफा दिला तर?"

"मग निदान ही गाठ सोड आणि नाणी दुसऱ्या फडक्यात बांध. देवीला काय, रुमाल काय नि फडकं काय."

त्याचं बरोबर होतं. देवीला काहीच फरक पडला नसता. मी रुमाल कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला. मुलीने बघितलं आणि विचारलं, "आई, व्हॉट्स इन द हँकी?" मी म्हणाले, देवीचे सव्वा दिरहॅम आहेत, हात लावायचा नाही. ती म्हणाली, "ओके, बट वन पॉइंट टू फाइव्ह इज व्हेरी लेस."

रविवारी सकाळी नऊला आमच्या दोघींच्या टेबलांमधला फोन वाजला. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. शेवटी शेजारणीने उचलला, ऐकलं, आणि उठली. दहा मिनिटांनी पांढरा लिफाफा घेऊन आली. तिच्या मागोमाग मॅनेजर मीटिंग रूममधून बाहेर पडली, बोटात नवी अंगठी, आणि माझ्याकडे न बघता केबिनमध्ये गेली. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली होती. त्या वर्षी सुट्टी नवरीलाही नव्हती.

शेजारणीने खण रिकामा केला. पाण्यात ठेवलेला मनीप्लांट मला दिला. मला मिठी मारली आणि म्हणाली, "डोंट क्राय, सिस. खलास. गॉड चोज." मी रडतच होते, पण तिला वाटलं त्या कारणासाठी नव्हे. मी तिला काही सांगितलं नाही. ती गेल्यावर तिच्या कॉम्प्युटरवरची कामंही मला करायला लागली, आणि तिने शिकवल्यामुळे ती मला जमली.

पुढे मॅनेजर पँट्रीत यायची बंद झाली. कामापुरतं बोलायची, चांगलंच बोलायची. पण दर महिन्यात कधीतरी एक दिवस असा यायचा की ती काचेच्या केबिनमधून माझ्याकडे नुसती बघत बसायची. त्या दिवशी ती दुपारीच घरी जायची. कसला दिवस असायचा तो, हे बाईमाणसाला सांगावं लागत नाही. मी मान खाली घालून कागदांवर शिक्के मारायची. घरी येऊन कपाट उघडायची, साड्यांखाली हात घालून गाठ चाचपायची. रविवार गेला होता. नोकरी राहिली होती. पण मी नवस बोलताना म्हटलं होतं, ह्यांना काम लागेपर्यंत, आणि ह्यांना काम लागलं नव्हतं. मी गाठ सोडली आणि दुसऱ्या दिवशी फोन आला तर? मी कपाट लावून टाकायची. असं वर्षभर चाललं.

पुढच्या फेब्रुवारीत तिच्या नवऱ्याची नोकरी गेली आणि दोघं आयर्लंडला परत निघाली. शेवटच्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी आली. थोडी वाळली होती. इकडचंतिकडचं बोलली. मनीप्लांटचं पान पुसत राहिली.

"डॉक्टर म्हणतात दोघांनाही काही प्रॉब्लेम नाही," ती हळूच म्हणाली. "मी मूर्ख आहे, मला माहितीये. पण जाण्याआधी एकदाच विचारते. तू ती सोडलीस ना?"

"केव्हाच," मी म्हणाले. "त्याच रविवारी."

तिने डोळे मिटले. मग वाकून मला घट्ट धरलं आणि माझ्या खांद्यावर तोंड ठेवून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. मनात म्हणाले, आज घरी गेल्यागेल्या सोडीन, म्हणजे खोटं बोलल्यासारखं होणार नाही. घरी गेले, कपाट उघडलं, रुमाल मांडीवर घेऊन बसले. वर्षभरात गाठ दगडासारखी झाली होती. नख लावलं. बाहेरच्या खोलीत नवरा कोणाला तरी फोनवर सांगत होता, येस सर, एनी पोझिशन, सर, यल्ला, ओके, टुमॉरो आय विल कम. मी रुमाल परत ठेवून दिला.

जूनमध्ये त्याला जबल अलीच्या एका गोदामात काम लागलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात पासपोर्टावर शिक्का बसला आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी आम्ही गावी देवीपुढे उभे होतो. गाठ सुटेना. शेवटी साडीची पिन घालून, दातांनी ओढून सोडवली. नाणी देवीपुढे ठेवली तेव्हा गुरवाने ती उलटसुलट करून बघितली. नवरा म्हणाला, "ठेवा हो, फॉरेनची आहेत." सगळे हसले. मीही हसले, कितीतरी दिवसांनी.

पुढच्या वर्षी मे महिन्यात तिची ईमेल आली. एप्रिलच्या शेवटी मुलगी झाली होती. फोटोत एक लालबुंद बाळ होतं, डोक्याला पिवळट तागाचं टोपडं, कडेला चार टाके. खाली लिहिलं होतं, "माझी आई तुझी आठवण काढते. तू गाठ लगेच सोडलीस हे मी तिला सांगितलं, तेव्हा ती चर्चमध्ये तुझ्यासाठी मेणबत्ती लावून आली."

मी बोटांवर एप्रिलपासून मागे जुलैपर्यंत महिने मोजले. मग कॅलेंडर काढून पुन्हा मोजले. नवरा म्हणाला, योगायोग, दुसरं काय. योगायोगच असेल. मी विज्ञानाची पदवीधर आहे आणि चारचौघांत मीही तेच म्हणेन. गाठीने कोणाची कूस बंद होत नाही. पण ती होते असं मानणारी एक बाई माझ्यासमोर होती, महिन्यामागून महिना, काचेपलीकडे, आणि मला ते दिसत होतं. ह्यांना ते काम लागलं नसतं, तर तो रुमाल आजही साड्यांखाली तसाच असता, आणि मेणबत्ती लावून आलेल्या त्या म्हातारीलासुद्धा मी केव्हाच सोडली म्हणून सांगितलं असतं.